परसांतील भरताच्या वांग्याचें बीं

असोदा व आसपासच्या गांवांतील भरताच्या हिरवट वांग्याची कीर्ति खानदेशाबाहेरहि आहे. २०१६ सालीं ‘जळगाव भरीत वांगी’ म्हणून त्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु मानांकनानें बीं शुद्ध राहत नाहीं. वांग्याचें फूल बहुधा स्वपरागानेंच फळतें, तरी मधमाश्या शेजारच्या जांभळ्या वांग्याचा पराग आणतात आणि पुढील पिढींत रंग व चव दोन्ही बिघडतात. म्हणून परसांत एकच जात लावावी. निरोगी झाडावरील उत्तम दोन फळें बियाण्यास राखावीं. बाजारांत भाव चढला म्हणजे नेमकीं हींच तोडलीं जातात! फळ पिवळें पडून मऊ झाल्यावर पाण्यांत कुस्करावें, तळीं बसलेलें बीं धुऊन सावलींत वाळवावें व राखेंत ठेवावें. विकतच्या संकरित वांग्याचें बीं मात्र धरूं नये; त्यांतून एकसारखीं झाडें येत नाहींत.