परदेशस्थ चिरंजीवांचा प्राप्तिकर

मुलगा उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस गेला, शिक्षण पुरें झालें आणि विद्यार्थ्याचा व्हिसा जाऊन नोकरीचा व्हिसा हातीं आला, कीं घरांत पेढे वाटले जातात. तें योग्यच आहे. परंतु त्या व्हिसाबरोबर प्राप्तिकराच्या हिशेबांतही पालट होतो, व तो इकडील घरच्या कपाटांतील ठेवपावत्यांपर्यंत येऊन पोंचतो, ही गोष्ट फार थोड्या घरांत ठाऊक असते. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत ह्यावरून बराच घोर लागून राहिला होता. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या घरांतील धाकटे चिरंजीव २०२१ सालीं एफ-१ ह्या विद्यार्थी-व्हिसावर तिकडे गेले आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसावर आले. व्हिसा बदलला तेव्हां आपण करापुरते तेथील ‘निवासी’ झालों, असा त्यांचा समज झाला, व २०२४ सालचें विवरणपत्र ते निवासी म्हणून भरण्याच्या बेतांत होते. सुदैवानें एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यानें त्यांना वेळींच थांबविलें.

अमेरिकेंत निवासी कोण, हें व्हिसाच्या नांवावरून न ठरतां मुख्यतः दिवसांच्या गणतीवरून ठरतें. चालू वर्षांत निदान ३१ दिवस तेथें वास्तव्य हवें. शिवाय चालू वर्षाचे सर्व दिवस, गतवर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश व त्यामागील वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश, ह्यांची बेरीज १८३ भरली पाहिजे. मात्र एफ-१ विद्यार्थ्याचे दिवस सामान्यतः पहिल्या पांच कॅलेंडर वर्षांत मुळींच मोजले जात नाहींत. आतां हिशेब पहा : ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३० व डिसेंबरचे ३१ मिळून ९२ दिवस झाले. ते १८३ हून कमी. सबब २०२४ पुरते चिरंजीव अनिवासीच राहिले. त्यांनीं १०४०-एनआर हा अनिवासींचा फॉर्म भरून, न मोजल्या जाणाऱ्या दिवसांच्या खुलाशासाठीं ८८४३ क्रमांकाचा फॉर्म सोबत जोडावयाचा होता. २०२५ मध्यें ते वर्षभर तेथेंच राहिल्यामुळें निवासी झाले. ज्यांची विद्यार्थिदशेचीं पांच वर्षें आधींच उलटलीं असतील, त्यांचा हिशेब अर्थात् निराळा होईल. ज्यांनीं चुकीच्या फॉर्मवर विवरणपत्र भरलें असेल, त्यांना १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरतां येतो.

दुसरा फरक पगाराच्या चिठ्ठीवर दिसतो. अनिवासी एफ-१ विद्यार्थ्याच्या वेतनांतून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के व मेडिकेअरचे १.४५ टक्के कापले जात नाहींत. एच-१बी होतांच ते कापले जाऊं लागतात. तेव्हां मुलाच्या हातीं येणारी रक्कम थोडी घटली, तर वडीलमंडळींनीं उगाच शंका घेऊं नये. उलट, विद्यार्थी असतांनाच ही कपात झाली असेल, तर प्रथम मालकाकडे परतावा मागावा, व तो न मिळाल्यास सरकारकडे ८४३ क्रमांकाच्या फॉर्मनें अर्ज करावा.

आतां घरच्या कपाटाकडे वळूं. निवासी झाल्यावर जगांत कोठेंही मिळालेलें उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रांत दाखवावें लागतें; येथील बचतखात्याचें व्याज तर खरेंच, परंतु आपल्याकडे करमुक्त असलेलें पी.पी.एफ.चें व्याजही त्यांतून सुटत नाहीं. येथें भरलेल्या कराची वजावट तेथें नियमानुसार मिळूं शकते. शिवाय परदेशांतील सर्व खात्यांतील शिलकांची बेरीज वर्षांत एखादा दिवस जरी १०,००० डॉलरांहून अधिक झाली, तरी ‘एफबार’ नांवाचें निराळें निवेदन तेथील अर्थखात्याकडे पाठवावें लागतें. त्याची मुदत १५ एप्रिल असून ती आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते.

आमच्या परिचितांची खरी अडचण येथेंच होती. वडिलांनीं निवृत्तीचे अठरा लाख रुपये मुदतठेवींत ठेवून, आपल्या पश्चात् कोणास त्रास नको म्हणून त्यांवर मुलाचें नांव जोडलें होतें. मुलानें फोनवर जेव्हां सांगितलें कीं, “बाबा, त्या ठेवीची माहिती मला इकडील सरकारला द्यावी लागेल,” तेव्हां त्या वृद्ध गृहस्थांस अतिशय वाईट वाटलें. “जन्मभर शिक्षकी करून सांठविलेल्या पैशावर परक्या सरकारचा कर कशाला?” असें ते आम्हांस म्हणाले. त्यांचा दोन दिवस जेवणावरही रोख नव्हता.

परंतु माहिती देणें निराळें व कर देणें निराळें. संयुक्त खात्यावर नांव असल्यानें मुलास तें कळवावें लागतें, एवढेंच. पैसा सर्वस्वी वडिलांचा असेल, तर त्याचें व्याजही सामान्यतः वडिलांचेंच उत्पन्न ठरतें. मात्र पैसा कोणाचा, हें दाखविणारे कागद जपून ठेवावेत. माहिती दडविल्यास मात्र जबर दंडाची भीति असते. हें पटल्यावर त्यांनीं स्वतःच ठेवपावत्यांची यादी करून मुलाकडे पाठविली.

आमची वाचकांस एवढीच सूचना आहे कीं, ज्या घरचीं मुलें तिकडे नोकरीवर रुजू झालीं असतील, त्यांनीं दर जानेवारींत एक टिपण करावें : मुलाचें नांव असलेलीं खातीं, मुदतठेवी, पी.पी.एफ. व म्युच्युअल फंड, त्यांतील वर्षांतील सर्वांत मोठी शिल्लक, आणि जानेवारी ते डिसेंबर ह्या काळांतील व्याज. कारण आपलें करवर्ष एप्रिलपासून व त्यांचें जानेवारीपासून चालतें. मुलाचें येथील साधें बचतखातें एन.आर.ओ. करून घ्यावें. दर्जा बदललेल्या वर्षाचा हिशेब, विशेषतः मुलगा विवाहित असल्यास, दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या सल्लागारास दाखवावा. ज्या कुटुंबानें मुलाचें शिक्षण एकविचारानें पार पाडलें, त्यास हें टिपण करणें मुळींच जड नाहीं.