हळू चालवण्याची हिंमत

बँकेतून निवृत्त झालो आणि सायकल घेतली. कर्जतहून निघायचं, पळसदरीवरून खोपोली गाठायची, चहा घेऊन परत. रोजचे तीसेक किलोमीटर, आणि रोज कालच्यापेक्षा मिनिटभर तरी लवकर!

तिसऱ्या महिन्यात झोप उडाली. सकाळी उठल्याबरोबर नाडीचे ठोके ६२ ऐवजी ७२. चिडचिड वेगळीच. सौ. म्हणाली, "अहो, शर्यत कुणाशी लावलीय? मला तुम्ही अजून हवे आहात." मी हसण्यावारी नेलं. पुढच्याच आठवड्यात खोपोलीच्या अलीकडे पायांनी संप पुकारला आणि मी टेम्पोतून घरी आलो.

मुंबई-पुणे शर्यतीत उतरलेला आमच्या गावातला एक तरुण भेटायला आला. या शर्यतीत बोरघाट पहिला चढणारा 'घाटाचा राजा' ठरतो. तो म्हणाला, "काका, तुमचं रोजचं चालवणं दम वाढवायला अपुरं आणि विश्रांतीला जास्त."

दम वाढवणारी फेरी लांब असते. खोपोली, खालापूर, चौक करून कर्जत, दोन-तीन तास. पण सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने. तिने हृदय आणि स्नायू हळूहळू तयार होतात. दुसऱ्या दिवशीची फेरी शिणवटा उतरवण्यासाठी. अर्धा-पाऊण तास, सपाट रस्ता, हलका गिअर. परतल्यावर थकवा वाढला असेल तर ती फेरी फसली म्हणायची. आणि अंग फारच दुखत असेल तर सायकल घरीच बरी. कारण ताकद पेडल मारताना नाही, नंतरच्या झोपेत आणि जेवणात भरून येते. साठीनंतर तर त्याला अधिकच वेळ लागतो.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' नऊ दिवसांच्या आत पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटर! एक चालवी तेव्हा दुसरा विश्रांती घेई.

आयुष्यभर लोकांना सांगितलं, नुसती उचल करू नका, खात्यात भरणाही करा. स्वतःच्या खात्याकडे मात्र पाहिलं नाही.

आता सकाळचे ठोके पुन्हा ६२ वर आलेत. परवा उल्हासच्या पुलावर शाळेतली एक मुलगी घंटी वाजवत मला मागे टाकून गेली. क्षणभर पाय शिवशिवले. पण जाऊ दिलं तिला. घरी सौ. चहासाठी थांबली होती.