महामार्गावरची चूल रात्रभर का पेटती राहते?

भोर : पुणे-सातारा महामार्गावरील कापूरहोळ फाट्यावर रात्री दीडच्या सुमारास उभे राहिले, तर दोन निरनिराळ्या रात्री शेजारी शेजारी दिसतात. भोरकडे वळणारा रस्ता अंधारात गेलेला असतो. गावे निजलेली असतात, बाजारपेठ केव्हाच मिटलेली असते. महामार्गावर मात्र ट्रकची रांग सरकत असते, आणि एखाद्या धाब्यात ट्यूबलाइटखाली तव्यावर भाकरी फुगत असते. पिठले, शेवभाजी, अंडा भुर्जी, दाल तडका आणि चहा. पदार्थ मोजकेच आणि खिशाला परवडणारे. पण मध्यरात्री दोन वाजता ते गरम मिळतात, हेच त्यांचे मोठेपण. अशी ठिकाणे रात्रभर उघडी राहणे ग्राहकाला साधी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात त्यामागे वाहतुकीचे, पैशांचे आणि कायद्याचे एक गणित आहे, आणि या गणितात एक बाजू सतत दुर्लक्षित राहिली आहे.

जागे कोण असते?

मुंबई-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ४, आताचा ४८) भोर तालुक्यातून जातो. नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याचा, तर कापूरहोळवरून भोरचा रस्ता फुटतो. पुढे सारोळ्याला नीरा नदी ओलांडली, की सातारा जिल्ह्यातील शिरवळची औद्योगिक वसाहत लागते. या पट्ट्यात रात्री जागणाऱ्यांचे प्रकार ठरलेले आहेत. शहरातील दिवसाची गर्दी टाळून रात्री हाकणारे मालवाहू ट्रकचालक. पहाटेच्या लिलावाआधी पुण्याच्या मार्केट यार्डात पोहोचू पाहणारे भाजीपाल्याचे टेम्पो. कोल्हापूर-सांगलीकडे जाणाऱ्या एसटीच्या रातराणी आणि खासगी बस. कारखान्यातील दुसरी पाळी संपवून परतणारे कामगार.

शनिवारी रात्री यांत गिरिप्रेमींची भर पडते. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. त्या तालुक्यातील राजगड किल्ल्याचा समावेश जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. सूर्योदय राजगडावर किंवा तोरण्यावर पाहायचा, तर पायथ्याशी पहाटेच पोहोचावे लागते, आणि चेलाडी फाटा सोडल्यावर आतल्या रस्त्याला त्या वेळी काही मिळण्याची आशा धरता येत नाही. म्हणून पोटपूजा महामार्गावरच उरकली जाते.

स्वस्त कसे परवडते?

रात्रभर उघडे राहणे ही ऐपतीची गोष्ट वाटते, पण पुष्कळदा ती काटकसर असते. जागेचे भाडे धाबा बारा तास चालला तरी तेवढेच आणि चोवीस तास चालला तरी तेवढेच. तास वाढले, की तोच खर्च अधिक थाळ्यांवर विभागला जातो. माणसे जागी असली, की सामानासाठी निराळा पहारेकरीही लागत नाही.

दुसरे रहस्य पदार्थांच्या निवडीत आहे. शिजवलेली डाळ तयार असते. गिऱ्हाईक आले, की फक्त फोडणी पडते. शेवभाजीचा रस्सा आधीच उकळलेला असतो, शेव ऐन वेळी घातली जाते. भुर्जी चार-पाच मिनिटांत होते. पिठल्याला बेसन, कांदा, मिरची आणि पाणी पुरते, आणि यांतील काहीही रात्रीत नासत नाही. भाकरीचे पीठ मात्र मळून ठेवता येत नाही. ठेवलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते, म्हणून प्रत्येक वेळी थोडे पीठ घेऊन ते ताजे मळावे लागते. भाकरी तांदळाची असो वा ज्वारीची, ती येणाऱ्याच्या संख्येइतकीच होते आणि वाया जात नाही. एक अट मात्र पाळावीच लागते. शिजवून ठेवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड राहिले पाहिजे. या दोहोंच्या मध्ये जंतू झपाट्याने वाढतात. रस्सा मंद आचेवर सतत वाफाळत असणे ही म्हणूनच केवळ चवीची बाब नाही.

तैवानमधील दाखला

रात्रीच्या स्वस्त खाण्याचे हे तंत्र केवळ आपलेच नाही. तैवानची राजधानी तैपेईलगतच्या योंगहे भागात चीनमधून १९४९ नंतर आलेल्या विस्थापितांनी सोयाबीनचे गरम दूध आणि तळलेल्या पिठाच्या लांब कांड्या विकण्याची दुकाने काढली. त्यांतील अनेक अहोरात्र चालू लागली, आणि पुढे ‘योंगहे’ हे नाव अशा दुकानांची ओळखच बनले. तैपेईच्या फुशिंग दक्षिण मार्गावर मध्यरात्रीनंतरही रताळे घातलेली तांदळाची पेज आणि सोबत लहान लहान बशांतून भाज्या, अंडी, मासे मिळतात. कोकणातील पेजेशी तिचे नाते सांगावे लागत नाही. टॅक्सीचालक, पाळीचे कामगार आणि विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. पदार्थ निराळे, हिशेब तोच : साधे धान्य, तयार ठेवता येणारे जोडपदार्थ आणि न मिटणारे दार.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने उपाहारगृहांच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा बांधून दिल्या होत्या. त्याची जागा घेणारा २०१७ चा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि आस्थापना आठवड्याचे सातही दिवस चालू ठेवण्याची मुभा मिळाली. मुंबईतील ‘नाइट लाइफ’ची चर्चा जानेवारी २०२० मध्ये गाजली, परंतु मूळ तरतूद राज्यभरासाठी होती. तरीही रात्री हॉटेले बंद करावयास लावली जात असल्याच्या तक्रारी येत राहिल्या. अखेर १ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने स्पष्टीकरण दिले. मद्यविक्रीची व मद्यपानाची ठिकाणे वगळता दुकाने आणि उपाहारगृहे चोवीस तास खुली राहू शकतात. अट एवढीच, की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुटी मिळाली पाहिजे.

खरी मेख या अटीतच आहे. २०१७ च्या कायद्यातील कामाचे तास, विश्रांती, साप्ताहिक सुटी आणि दुप्पट दराने अतिकालिक भत्ता या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होत्या. त्याहून लहानांना केवळ व्यवसायाची सूचना देणे पुरेसे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांवर नेण्यास आणि दैनंदिन कामाचे तास नवावरून दहा करण्यास मंजुरी दिली. फाट्यावरच्या धाब्यात आचारी, भाकरी थापणारी बाई, दोन वाढपी, भांडी घासणारा आणि गल्ल्यावरचा मालक धरूनही वीस माणसे कोठून होणार? म्हणजे ज्या सुटीच्या अटीवर रात्र खुली झाली, ती सुटी मागण्याचा कायदेशीर आधारच सर्वांत लहान स्वयंपाकघरात सर्वांत दुबळा आहे.

अशा ठिकाणी राहणे-जेवणे बहुधा मजुरीतच धरलेले असते. कामगार निजतो तेही हॉटेलातच. त्यामुळे पाळी संपली कधी आणि सुरू झाली कधी, याची नोंदच राहत नाही. बस आली, की झोपलेल्याला उठवले जाते. काही नियम मात्र कामगारांच्या संख्येवर अवलंबून नाहीत. हॉटेल व्यवसायातील किमान वेतन लहान धाब्यालाही लागू आहे. चौदा वर्षांखालील मुलांना धाब्यांवर आणि चहाच्या टपऱ्यांवर कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. हे नियम पाळले जातात की नाही, हे पाहणारी नजर रात्री दोन वाजता फाट्यावर असते काय, हा प्रश्न उरतो.

रात्रीचे स्वस्त जेवण ही चैन नव्हे, गरज आहे. रात्रभर गाडी हाकणाऱ्याला मधे थांबून खायला, तोंडावर पाणी मारायला जागा मिळणे हा रस्तासुरक्षेचाही भाग आहे. म्हणून धाबे मिटवणे हे उत्तर नाही. दिवसाच्या आणि रात्रीच्या माणसांची पाळी निराळी ठेवणे, आठवड्याची सुटी आळीपाळीने देणे, भट्टीपासून दूर झोपण्याची एक खोली, बायकांसाठी उजेडातले स्वच्छ स्वच्छतागृह : यांपैकी कशालाही मोठे भांडवल लागत नाही. थाळीमागे चार-दोन रुपये वाढले, तरी पहाटे तीनला गरम भाकरी मिळणारा प्रवासी ते नाकारील असे वाटत नाही. दार चोवीस तास उघडे ठेवण्याची परवानगी मिळाली आहे. त्या दारामागे उभ्या असलेल्या माणसालाही चोवीस तासांतून काही तास मिटता आले पाहिजेत.