तिलारीने वर, आंबोलीने खाली
(रस्ते डोंगरांचे : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात ही लेखमाला आल्प्समधल्या स्टेल्वियो खिंडीत थांबली होती. २,७५७ मीटर उंची, एका बाजूला ४८ वळणं, आणि प्रत्येक वळणाला आकडा घातलेला दगड. या आठवड्यात उंची धाडकन खाली येते. आजच्या दोन्ही घाटांचा माथा हजार मीटरच्या आतच राहतो. पण गाडीच्या ब्रेकला समुद्रसपाटी कळत नाही, त्याला फक्त उतार कळतो. आणि उताराच्या बाबतीत तिलारी घाट कुणाला हार जाणाऱ्यातला नाही.

फेरी एका दिवसाची आहे. पेडणे तालुक्यातल्या तुयेहून सकाळी भाजीपाव खाऊन निघायचं, पेडणे ओलांडून इब्रामपूर-हणखण्याच्या बाजूने दोडामार्ग गाठायचा, तिलारी घाटाने चंदगड तालुक्यात चढायचं आणि आंबोलीने सावंतवाडीकडे उतरून बांदा-पत्रादेवीमार्गे घरी यायचं. एका घाटाने वर, दुसऱ्याने खाली.

तुयेच्या दक्षिणेला वाहणारी शापोरा आणि दोडामार्गातली तिलारी या वेगळ्या नद्या नव्हेत. महाराष्ट्रात जिला तिलारी म्हणतात तीच गोव्यात शापोरा होते. पेडण्यातल्या कितीतरी घरांच्या नळाला चांदेलच्या प्रकल्पातून पाणी येतं आणि त्या प्रकल्पाला ते तिलारीच्या कालव्यातून मिळतं. तेव्हा तुयेकरांसाठी ही सहल म्हणजे आपल्याच नळाचा माग काढत डोंगर चढणं आहे.

भेडशी मागे पडली की डाव्या-उजव्या हाताचे काजू आणि रबर विरळ होतात आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. भिंतच म्हणायला हवं. आल्प्सच्या खिंडीत माणूस एका बाजूने चढतो, माथ्यावर कॉफी पितो आणि पलीकडे तितकंच उतरतो. सह्याद्रीच्या घाटाला पलीकडची बाजूच नाही. चढून गेलं की उतार नाही, समोर भातखाचरं आणि नाचणीची शेतं. कोकणातून पाहिलं तर डोंगर, चंदगडहून पाहिलं तर पठाराची तुटलेली कड. म्हणूनच मराठीत शिखराला नसलेला एक शब्द घाटाला आहे : घाटमाथा. तिथे माणसं राहतात, बाजार भरतो, एसटी थांबते.

तिलारी घाट लांबीला जेमतेम सात-आठ किलोमीटर. पण पहिल्याच वळणाला स्टिअरिंग पुरतं फिरवूनही गाडीचं नाक कठड्याकडेच राहतं, आणि चालक मुकाट्याने पहिल्या गिअरवर येतो. इतका खडा घाट कुणी बांधला? याचं उत्तर वर आणि खाली, दोन्हीकडे दिसतं. वर चंदगडच्या हद्दीत साठवलेलं पाणी बोगद्यातून डोंगराच्या पायथ्याशी सोडून तिथे वीज करतात. त्या जलविद्युत प्रकल्पाच्या कामासाठी पाटबंधारे खात्याने हा रस्ता काढला. प्रकल्पाच्या गाड्या वर-खाली झाल्या म्हणजे झालं, एवढाच हिशेब. गोवा-बेळगाव-कोल्हापूरची वाहतूक त्यावरून धावेल, हे त्यात धरलेलंच नव्हतं. जवळचा रस्ता म्हणून ती धावू लागली, आणि अवजड गाड्या वळणांवर अडकू लागल्या. २०२४ च्या पावसाळ्यात अवजड वाहनांना इथे बंदी घालावी लागली.

रस्ता कशासाठी बांधला, ते त्याच्या चढात उतरतं. स्टेल्वियोचा रस्ता ऑस्ट्रियाने १८२० ते १८२५ मध्ये बांधला तो नव्याने हाती आलेल्या लोम्बार्डीत सैन्य पोचवायला. तोफगाड्या ओढणाऱ्या घोड्यांना खडा चढ झेपत नाही, म्हणून कार्लो दोनेगानी या अभियंत्याने डोंगराला वळणांवर वळणं घातली. आल्प्समधल्याच ग्रोसग्लॉकनरचा ४८ किलोमीटरचा रस्ता मंदीच्या काळात बेकार हातांना काम द्यायला सुरू झाला आणि १९३५ मध्ये खुला झाला, तो मुळातच मोटारीतून डोंगर बघायला येणाऱ्यांसाठी. तिथे आजही टोल भरून हौसेने जातात. तिलारीला असं लाड करणारं कुणी भेटलं नाही.

माथ्यावर आल्यावर थोडी वाट वाकडी केली तर पारगड लागतो. गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला शिवछत्रपतींनी हा किल्ला उभारला आणि तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा याला किल्लेदार नेमलं. ज्याच्या लग्नासाठी तानाजी निघाला होता, तोच हा रायबा. मालुसऱ्यांचे वंशज आजही गडावर नांदतात. याच भागातून जुना रामघाट उतरतो. आंबोलीचा गाडीरस्ता होण्याआधी बेळगावहून कोकणात उतरायची ती मोठी वाट होती. आता तिथे झाडी माजली आहे.

चंदगडच्या काजू कारखान्यांवरून पुढे आंबोलीची वाट धरली की हवा बदलते. आंबोली सुमारे ६९० मीटरवर, आणि पाऊस महाराष्ट्रात अव्वल पंगतीतला. इथे उगम पावणारी हिरण्यकेशी पश्चिमेचा समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पाठ फिरवून पूर्वेला जाते, घटप्रभेला आणि तिच्यातून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात पोचते. तिच्या उगमाच्या कुंडात २०२० मध्ये माशाची एक नवी जात नोंदली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली.

आंबोली घाट उतरताना तिलारीचा अनुभव ताजा असेल तर फरक लगेच जाणवतो. वळणं आहेत, पण दमाने घेतलेली. हा रस्ता बैलगाड्यांसाठी आहे. इंग्रजांना बेळगावची छावणी आणि वेंगुर्ल्याचं बंदर जोडायचं होतं. भरल्या गाडीचा बैल जिथे दम धरेल, तितकाच चढ त्यांनी ठेवला. पुढे १८८८ मध्ये मुरगाव बंदराला रेल्वे मिळाली, वेंगुर्ल्याचा माल तिकडे वळला आणि बैलांसाठी आखलेला घाट पर्यटकांच्या वाट्याला आला. पावसाळ्यात रविवारी धबधब्याजवळ गाड्यांची जी रांग लागते, ती पाहून बैल बरे म्हणायची पाळी येते.

उतारावर चुका होतात त्या पायाने. घाटभर ब्रेकवर पाय दाबून ठेवला की लायनर तापतात, करपल्याचा वास येतो आणि ऐन वळणावर ब्रेक पकडेनासा होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढता येईल, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. बाकीचं इंजिन सांभाळतं. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा आपल्याकडचा लेखी नियम आहे. स्वित्झर्लंडच्या डोंगरी टपालरस्त्यांवर पिवळ्या पोस्टबसचा तीन सुरांचा भोंगा वाजला की इतरांनी तिच्या चालकाचं ऐकायचं असतं. आपल्या एसटीच्या चालकाला कायद्याने तो मान दिलेला नाही, पण तिलारीत तो आपणहून द्यावा.

खाली दाणोलीला साटम महाराजांचा मठ आहे. बांद्यानंतर हद्दीवर पत्रादेवी लागते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी इथे गोळ्या झाडल्या. स्मारक रस्त्यालगतच आहे, गाडी थांबवून जाता येतं. तिथून तुये अंधार पडायच्या आत येतं.

आल्प्सच्या खिंडी बर्फामुळे हिवाळ्यात बंद होतात, आपल्या घाटांचं अवघड पर्व जूनला सुरू होतं. दिवाळीनंतर निघावं : दरडींची भीती सरलेली असते आणि आंबोलीत गर्दी निम्म्यावर आलेली असते. तिलारी घाट चालू आहे ना, हे दोडामार्गातच एखाद्या रिक्षावाल्याला विचारून घ्यावं. पुढच्या लेखांकात डिचोली-साखळीकडून चोर्ला घाट.