धडकेनंतर पुन्हा बर्फावर

‘किती बोटं दिसतात?’ मुलाने बरोबर सांगितलं की पाठीवर थाप मारून त्याला परत खेळायला सोडायचं. कॅनडाच्या आइस हॉकीत डोक्याला बसलेल्या माराची तपासणी वर्षानुवर्षं साधारण एवढ्यावरच भागत असे. 2001 साली व्हिएन्नात कन्कशनवरची, म्हणजे मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यावरची, पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि खेळाडूला पायरी-पायरीने परत आणण्याची पद्धत कागदावर आली. गावोगावच्या रिंकवर पोचायला तिला बराच वेळ लागला.

नामांकित हॉकीपटू सिडनी क्रॉस्बीने लोकांना जागं केलं. जानेवारी 2011 मध्ये पाच दिवसांत दोनदा त्याच्या डोक्याला मार बसला. पहिल्या धडकेनंतरही तो पुढचा सामना खेळला होता. नोव्हेंबरमध्ये तो परतला, आठच सामन्यांत त्रास उलटला आणि मार्च 2012 पर्यंत तो बाहेर बसला.

मुलांच्या दृष्टीने मोलाचं काम मात्र त्याआधीच झालं होतं, आणि तेही कसल्या गाजावाजाशिवाय. अल्बर्टा प्रांतात 11-12 वर्षांच्या ‘पीवी’ गटाला बॉडी चेकिंगची, म्हणजे पक (खेळातली चकती) ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडक देण्याची मुभा होती, क्यूबेकमध्ये नव्हती. कॅल्गरीच्या संशोधक कॅरोलिन एमरी आणि सहकाऱ्यांनी 2007-08 च्या हंगामात दोन्हीकडच्या मुलांवर लक्ष ठेवलं. अल्बर्टातल्या 1,108 मुलांत 78 कन्कशन, क्यूबेकच्या 1,046 मुलांत 23. 2010 साली हे आकडे छापून आले. अमेरिकेने 2011 मध्ये आणि हॉकी कॅनडाने 2013 मध्ये या वयोगटात बॉडी चेकिंग बंद केलं.

विरोध झालाच. धडक घ्यायला उशिरा शिकलेली पोरं पुढच्या गटात जास्त मार खातील, असं प्रशिक्षक म्हणत. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं: एमरींच्याच पुढच्या पाहणीत 13-14 च्या गटात कन्कशनमध्ये फरक दिसला नाही, पण आठवड्याहून अधिक काळ बाहेर बसवणाऱ्या दुखापती नवशिक्यांना जास्त झाल्या. तरीही माझ्या मते सौदा फायद्याचाच होता. अकरा वर्षांच्या मेंदूवर कसला सराव करायचा?

उपचारांचंही वारं फिरलं. एकेकाळी मुलाला दिवसच्या दिवस अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवत. व्हिएन्नाच्याच मालिकेतल्या 2022 च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेने पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती आणि मोबाइल-टीव्ही कमी, मग हळूहळू चालणं-फिरणं, असा सल्ला दिला. आधी शाळा पूर्ववत, मग पूर्ण खेळ. आणि धडकेचा सराव अगदी शेवटाकडे, लक्षणं गेल्यावर व डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावरच.

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने 2018 मध्ये कायदाच केला, तोही रग्बी खेळताना दगावलेल्या 17 वर्षांच्या रोवन स्ट्रिंगरच्या नावाने. संशय येताच खेळाडूला बाहेर काढणं आता बंधनकारक आहे. पण कन्कशन सहसा सीटी स्कॅनवर दिसत नाही. डोकं दुखतंय, गरगरतंय, हे मुलानेच सांगावं लागतं, आणि संघनिवडीच्या आठवड्यात ते तो सांगतोच असं नाही.