रस्ता संपतो, तिथून सायकल सुरू!

सोमवारी ऑफिसात ‘वीकेंडला काय केलंस?’ असं कुणी विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं. मॉल, मूव्ही, नाहीतर झोप. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आले. हल्ली मात्र मी म्हणते, ‘बाबांबरोबर सायकलिंग.’ समोरचा आधी हसतो, मग विचारतो, ‘घणसोलीत? सायकल? कुठे?’

प्रश्न बरोबर आहे. घणसोली गावात ज्यांनी पाय ठेवलाय, त्यांना गल्ल्यांची रुंदी ठाऊक आहे. समोरून रिक्षा आली की आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. गावाबाहेर पडलं की ठाणे-बेलापूर रोड. तिथे डंपर, ट्रेलर आणि कंपन्यांच्या बसेस. सायकल काढायची हौस असली, तरी काढणार कुठे?

या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं थेट फ्रान्समध्ये. हसू नका, सांगते.

ट्रेन गेली, वाट राहिली

ऑफिसच्या एका प्रोजेक्टसाठी तीन आठवडे बोर्दोला होते. पहिल्या रविवारी तिथली कलीग म्हणाली, ‘सायकल चालवतेस ना?’ मी म्हटलं, ‘शाळेत चालवायचे.’ तिने मला एक सायकल काढून दिली आणि आम्ही निघालो.

वाटेचं नाव रॉजे लापेबी. हा गडी 1937 सालचा ‘तूर द फ्रान्स’ जिंकलेला. गिअर बदलायच्या यंत्राची, म्हणजे डिरेलरची सायकल वापरून ही शर्यत जिंकणारा पहिला. त्याच्या नावाची ही वाट बोर्दोच्या बाजूने निघते आणि पन्नासेक किलोमीटरवरच्या सोव्हतेर-द-ग्विएन या जुन्या गावापर्यंत जाते. आणि पूर्ण वाटेवर मोटार नाही! फक्त जिथे गाडीरस्ता आडवा येतो, तिथे थांबायचं, बघायचं, पुढे जायचं.

गंमत म्हणजे ही मुळात रेल्वेलाइन होती. गाड्या बंद झाल्या, रूळ निघाले आणि त्याच पट्टीवर डांबर पडलं. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही, म्हणून रेल्वे बांधणारे डोंगर फोडून, दऱ्या भरून रस्ता सपाट करून ठेवतात. शंभर वर्षांपूर्वी इंजिनासाठी केलेली ही मेहनत आज माझ्यासारख्या, जिना चढताना धापा टाकणाऱ्या मुलीच्या कामी आली. वाटेत एक जुना बोगदा लागतो. भर उन्हातून आत शिरलं की एकदम गारवा. क्रेओं गावात जुन्या स्टेशनावर आता सायकलवाले थांबतात. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, मधेच जंगलाचा पट्टा.

या भागाचं नाव आंत्र-द-मेर. अर्थ, ‘दोन समुद्रांच्या मधलं’. प्रत्यक्षात समुद्र नाहीत. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या आहेत, पण त्यांच्यात समुद्राची भरती आत येते, म्हणून हे नाव. हे ऐकलं आणि मला आपली खाडी आठवली.

दुसऱ्या रविवारी आम्ही पश्चिमेला, लाकानोच्या वाटेवर गेलो. तीही जुनी रेल्वेच. तिकडे मैलोन्‌मैल पाइनचं जंगल. आधी ही सगळी दलदल होती. 1857 च्या कायद्यानंतर पाणी काढून मोठ्या प्रमाणावर झाडं लावली. जंगलाच्या पलीकडे तळी. त्यातलं उर्ते-कार्कां हे फ्रान्सच्या हद्दीत पूर्णपणे येणारं सर्वांत मोठं नैसर्गिक तळं. काठाकाठाने सायकलवर आजी-आजोबा, छोटी मुलं, टोपलीत ब्रेड घेतलेल्या बायका. कुणाच्या अंगावर रेसवाल्यांचे टाइट कपडे नाहीत, कुणाला घाई नाही.

अशा वाटांना तिथे ‘व्ह्वा व्हेर्त’ म्हणतात, हिरवी वाट. 2004 पासून त्यांच्या वाहतूक नियमांतच तिची व्याख्या आहे: मोटार नसलेल्यांसाठी राखीव.

तिथे सत्तरीचे एक आजोबा मला ओव्हरटेक करून गेले, घंटी वाजवून, हात हलवून. त्या क्षणी मला बाबा आठवले.

काळी ॲटलास

बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत होते. रोज सायकलने जायचे. काळी ॲटलास, मागे कॅरिअरला डबा, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुका जवळा. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली की मी धावत जायचे आणि पुढच्या दांडीवर बसून घरापर्यंत राइड!

2002 मध्ये, मी दुसरीत असताना, एका डंपरने त्यांना उडवलं. पाय मोडला, रॉड पडला. डंपरवाला थांबला नाही. बाबा बरे झाले, कामावरही गेले, पण बसने. सायकल आधी माळ्यावर गेली, मग भंगारात. त्यावर आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही.

आता ते पासष्टचे आहेत. डायबेटिस आहे. डॉक्टर म्हणतात चाला, पण रॉड असलेला पाय चालताना दुखतो. डॉक्टरांनीच सुचवलं, ‘सायकल जमेल. गुडघ्यावर वजन कमी येतं.’ बाबांनी सरळ नाही म्हटलं. ‘रस्त्यावं नाय जमायचं आता,’ एवढंच. भीती पायाची नव्हती, रस्त्याची होती. आणि ती खोटी नव्हती.

आपलं ‘व्ह्वा व्हेर्त’

परत आल्यावर मी गावाच्या आजूबाजूला मोटारी नसलेला तुकडा शोधायला लागले आणि तो मिळाला, तोही दहा मिनिटांवर. वाशीकडून कोपरखैरण्यामार्गे येणारा पाम बीचचा रस्ता. ऐरोलीला जोडणारा पुढचा तुकडा वर्षानुवर्षं रखडला, कारण मधे तिवरांचं जंगल. त्यामुळे रुंद, गुळगुळीत रस्ता घणसोलीपाशी येऊन सरळ संपतो. जिथे रस्ता कुठेच जात नाही, तिथे गाड्या कशाला येतील?

एका रविवारी पहाटे साडेपाचला मी बाबांना म्हटलं, ‘बाबा, चल ना, फक्त बघून येऊ.’ दोन सायकली शेजारच्या मुलांच्या. तिथपर्यंत आम्ही त्या हातात धरूनच नेल्या. पोचल्यावर बाबांनी दोन्हीकडे पाहिलं. पाच मिनिटं एकही गाडी नाही. मग काही न बोलता त्यांनी टांग टाकली. पहिले दहा मीटर सायकल नागमोडी. पुढचे शंभर सरळ. मी मागे उभी, आणि खरं सांगते, समोरचं सगळं धूसर.

शेवटच्या टोकाला ते थांबले. समोर तिवरं, पलीकडे खाडी, पाठीमागे गवळीदेवाच्या डोंगरावर उजाडत होतं. म्हणाले, ‘ह्यो रस्ता म्हंजे आपला बांदच हाय गो!’

मग पहिल्यांदा नीट ऐकलं. सिडको 1970 मध्ये आली. त्याआधी आणि नंतरही काही वर्षं खाडीकाठी आमची भातशेती होती. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध, पाणी सोडायला उघाडी. लहानपणी बाबा त्या बांधावरून भाड्याची सायकल पळवायचे. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला चिखलात निवट्या. सपाट, उंच आणि मोटारींशिवाय. म्हणजे फ्रान्समध्ये जे पाहून मी हरखले होते, ते माझ्या बापाने पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी इथेच अनुभवलं होतं!

आता त्या बांधांवर तिवरं वाढलीत. तिथे सायकल घालायची नाही. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे आणि ते हवंच. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून मेपर्यंत नशीब असेल तर गुलाबी थवे दिसतात. बाबा त्यांना अजून ‘ते लांब पायवाले’च म्हणतात.

एक गोष्ट मनाला खाते. ऐरोलीपर्यंत पूल नेण्याचं ठरलेलं आहे. तो झाला की आमचा संपणारा रस्ता संपणार नाही, तो वाहता होईल. पूल नको असं मी म्हणणार नाही. माझं ऑफिस ऐरोलीलाच आहे, रोजची अर्धी तडफड वाचेल. पण त्या रस्त्याच्या कडेला, कठड्याच्या आत, सायकलसाठी दोन मीटरची पट्टी राखली तर? डांबर तेवढंच लागतं. लागते ती फक्त आठवण, की या गावात सायकलवाले राहतात.

तोवर आमचा रविवार ठरलेला. गेल्या महिन्यात बाबांनी स्वतःची सायकल घेतली. काळीच. दुकानदाराने गिअरवाली दाखवली तर म्हणाले, ‘घंटी हाय ना? बास.’

निघायच्या आधी...

* वेळ : सकाळी सहा ते साडेसात. त्यानंतर ऊन आणि बाइकवाले दोन्ही वाढतात.
* सीटची उंची : पेडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ हवा. सीट खाली ठेवली की गुडघे दुखतात.
* हवा : टायर अंगठ्याने जेमतेम दबला पाहिजे. नरम टायर म्हणजे दुप्पट मेहनत.
* हेल्मेट, घंटी, मागे लाल दिवा : मोकळा रस्ता असला तरी. तिथपर्यंत पोचायला ट्रॅफिक लागतोच.
* पक्षी बघायचे तर : ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जा. सायकल बाहेर लावून बोटीने खाडी पाहता येते.
* द्राक्षमळेच हवेत? : नाशिक गाठा. गंगापूर धरणाच्या परिसरात पाणी, टेकड्या आणि मळे तिन्ही आहेत. जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम. मोटारमुक्त नाही, त्यामुळे पहाट पकडा. 2015 मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ दोघांच्या टीमने पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ याच शहराचे.
* सर्वांत महत्त्वाचं : घरात कुणी सायकल सोडून दिलेलं असेल, तर त्यांना बरोबर घ्या. नुसतं ‘बघून येऊ’ म्हणा.