वकिलाशी वाद झाला तर आधी खटला वाचवा, मग भांडा

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा दावा तालुका कोर्टात चालू आहे. पक्षकार मजुरीसाठी पुण्यात किंवा मुंबईत. गावी फोन केला की वकीलसाहेब म्हणतात, "तारीख पडली आहे, तुम्ही यायची गरज नाही. गरज लागली की बोलावतो." वर्षभर असेच चालते. मग एक दिवस शेजारच्या गावातला कोणी सांगतो की तुमचा दावा तर केव्हाच निघाला. चौकशी केल्यावर कळते की दोन-तीन तारखांना कोणीच हजर नव्हते, म्हणून कोर्टाने दावा गैरहजेरीत काढून टाकला.

अशा वेळी माणूस चिडतो. वकिलाच्या ऑफिसात जाऊन भांडतो, फी परत मागतो, बार कौन्सिलकडे तक्रार करण्याची भाषा करतो. राग रास्त असतो. पण या भांडणात महिना-दोन महिने जातात आणि खरे नुकसान तिथेच होते. गैरहजेरीत काढलेला दावा पुन्हा दाखल करून घेण्यासाठीचा अर्ज, दावा काढल्याच्या तारखेपासून 30 दिवसांत करायचा असतो. आपल्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करण्यासाठीही मुदत 30 दिवसांचीच आहे. मुदत उलटली तरी विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण उशीर का झाला हे कोर्टाला पटवून द्यावे लागते.

म्हणून या लेखातील पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच: वकिलाशी वाद झाला तर आधी खटला सुरक्षित करा. वकिलाचा हिशेब नंतर करता येतो, गेलेली मुदत मात्र सहज परत मिळत नाही.

तारीख आपली आपण पाहायची

सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात सांगितले होते की वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये. हा निकाल अनेकांना आधार देतो. पण त्यावर पूर्ण विसंबून राहू नये. पुढच्या अनेक निकालांत न्यायालयांनी असेही विचारले आहे की, इतकी वर्षे तुम्ही स्वतः काय करत होता? आपण चौकशी करत होतो हे दाखवता आले नाही, तर सगळा दोष वकिलावर टाकून सुटका होत नाही.

आज तारीख पाहण्यासाठी कोणाच्या पाया पडण्याची गरज उरलेली नाही. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलाकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झाले आणि खटला कोणत्या टप्प्यावर आहे हे दिसते. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुला-मुलीला हे काम द्या. महिन्यातून एकदा पाहिले तरी वरच्यासारखा प्रसंग बहुधा टळतो.

शंका आली तर कोर्टातून रोजनाम्याची नक्कल काढावी. कोणत्या तारखेला कोण हजर होते, कोणी मुदत मागितली, कोणता आदेश झाला हे रोजनाम्यात असते. वकील काय सांगतो आणि समोरचा काय सांगतो यापेक्षा रोजनामा काय सांगतो ते महत्त्वाचे.

फी: सगळे लेखी, सगळे पावतीसह

बहुतेक वाद फीवरून सुरू होतात, कारण सुरुवातीला कोणीच स्पष्ट बोललेले नसते. पक्षकाराला वाटते पंधरा हजारांत सगळा खटला होणार. वकिलाच्या मनात ती फक्त दावा दाखल करण्याची फी असते. दोघेही खोटे बोलत नसतात, पण वर्षभराने दोघांनाही फसवल्यासारखे वाटते.

वकीलपत्रावर सही करण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात. एकूण फी किती आणि ती कोणत्या टप्प्यापर्यंतची आहे. कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्च फीत धरला आहे की वेगळा. पैसे कोणत्या हप्त्यांत द्यायचे. आणि अपील करावे लागले तर त्याची फी वेगळी का. पैसे शक्यतो बँकेतून किंवा मोबाइलवरून द्यावेत, रोख दिले तर पावती घ्यावी. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. चांगला वकील पावती मागितल्याने दुखावत नाही.

दोन नियम सगळ्यांनी लक्षात ठेवावेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही. "अपघाताची जी भरपाई मिळेल तिच्यातले इतके टक्के माझे" असा करार नियमबाह्य आहे. मोटार अपघात आणि भूसंपादनाच्या प्रकरणांत आपल्या लोकांना असे करार सर्रास ऐकवले जातात, तेव्हा नाही म्हणायला शिकले पाहिजे. दुसरा नियम असा की, वकिलाने एकदा घेतलेले काम पुरेशा कारणाशिवाय आणि आधी कळवल्याशिवाय सोडू नये. सोडले तर न केलेल्या कामाची फी परत करावी.

आणि कोऱ्या कागदावर सही कधीच करू नये, मग तो वकील कितीही ओळखीचा असो.

"मला न विचारता तडजोड केली"

ही तक्रार गंभीर आहे. वकील हा पक्षकाराचा प्रतिनिधी आहे, मालक नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केले की वकिलाने पक्षकाराच्या सूचनेप्रमाणे वागायचे असते, स्वतःचा निर्णय त्याच्यावर लादायचा नसतो. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाने पक्षकार किंवा त्याने अधिकार दिलेला माणूस सोडून इतर कोणाच्या सूचनेवरून काम करायचे नाही.

हे आपल्या वस्त्यांमध्ये विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. अनेकदा वकील कोणीतरी कार्यकर्ता, भाऊबंद किंवा सरपंच गाठून देतो आणि पुढे सगळा निरोप त्याच्याच मार्फत जातो. मधल्या माणसाने तडजोड ठरवली तर पक्षकाराला शेवटी कळते. म्हणून वकिलाला सुरुवातीलाच सांगावे: "माझ्या सहीशिवाय कोणतीही पुरसिस, कोणतीही तडजोड दाखल करू नका." व्हॉट्सॲपवर लिहून पाठवले तरी चालेल, तो मजकूर जपून ठेवावा.

पक्षकाराच्याही चुका असतात

सगळा दोष वकिलाचा नसतो, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आपण वकिलापासून गोष्टी लपवतो. आधी एक खरेदीखत झाले होते, पोलिसांत एक जबाब दिला होता, भावाकडून पैसे घेतले होते, हे सांगत नाही. मग उलटतपासणीत ते बाहेर येते आणि खटला कोसळतो. आपण वकिलाला विश्वासात घेऊन जे सांगतो त्याला भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 132 चे संरक्षण आहे. आपल्या संमतीशिवाय वकिलाला ते उघड करता येत नाही. गुन्हा करण्यासाठी मदत मागितली तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. म्हणून वकिलाला सगळे खरे सांगावे, वाईट असेल तर आधी सांगावे.

तसेच साक्षीदार न आणणे, कागद वेळेवर न देणे, ठरलेली फी महिनोन् महिने थकवणे आणि रात्री-अपरात्री फोन करणे, यानेही वकील दुरावतो. एक वही ठेवा. तारीख, काय झाले, काय द्यायचे राहिले, किती पैसे दिले, एवढे लिहा.

वकील बदलायचा असेल तर

आधी एकदा शांतपणे भेटा. तोंडी बोलून उपयोग झाला नाही तर साधे पत्र लिहा: माझ्या खटल्याची सद्यस्थिती, झालेल्या आदेशांच्या नकला आणि दिलेल्या पैशांचा हिशेब पंधरा दिवसांत द्यावा. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. पुष्कळ वाद या एका पत्रावरच मिटतात.

तरीही विश्वास उरला नसेल तर वकील बदलण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. नवा वकील सहसा जुन्या वकिलाची ना-हरकत मागतो. ती मिळाली नाही तरी वाट बंद होत नाही. नियम असा आहे की जुन्या वकिलाची संमती नसेल तर नव्या वकिलाने तसे कारण देऊन कोर्टाची परवानगी घ्यायची. कोर्टाने परवानगी दिली की तो उभा राहू शकतो. तोपर्यंत मधली कोणतीही तारीख चुकवू नका, स्वतः हजर राहा.

"फी दिल्याशिवाय फाइल देणार नाही" असे ऐकायला मिळते. मध्य प्रदेशातील एका बँकेच्या वकिलाने थकीत फीसाठी फायली अडवून ठेवल्या होत्या. आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फीसाठी पक्षकाराची कागदपत्रे अडवण्याचा वकिलाला हक्क नाही, तसे करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. फी खरोखर थकली असेल तर ती वसूल करण्यासाठी वकिलाला वेगळा कायदेशीर मार्ग आहे.

मोफत वकील आणि ॲट्रॉसिटीची प्रकरणे

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, तसेच प्रत्येक स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही हा दर्जा मिळाला आहे. जातीचा दाखला घेऊन जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. 15100 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. त्याने मागितला, किंवा तो तारखेला येत नसेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून दुसरा वकील मागावा.

ॲट्रॉसिटीच्या खटल्यात वेगळा गैरसमज असतो. तिथला सरकारी वकील आपला खासगी वकील नसतो, तो सरकारच्या वतीने खटला चालवतो. आपण वेगळा वकील दिला तर तो सरकारी वकिलाला साहाय्य करतो. पण पीडितांना स्वतःचे हक्क आहेत. 2015 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 15 अ नुसार जामिनासह प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि जामिनाच्या सुनावणीत आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडिताला आहे. हरिराम भांभी प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद बंधनकारक असल्याचे सांगितले. सरकारी वकिलाच्या कामावर विश्वास नसेल तर 1995 च्या नियमांतील नियम 4(5) नुसार पीडित जिल्हाधिकाऱ्यांकडे नामवंत ज्येष्ठ वकील नेमण्याची मागणी करू शकतो. हा अर्ज खटला उभा राहण्याआधीच करावा. साक्षी होऊन गेल्यावर केलेला अर्ज फारसा कामाला येत नाही.

तक्रार कुठे करायची, कुठे नाही

वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाण्याचा मार्ग आता बंद आहे. 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निकाल दिला. अजूनही काही जण तिथे अर्ज घेऊन जातात आणि वेळ घालवतात.

गैरवर्तनाची तक्रार वकील कायदा, 1961 च्या कलम 35 खाली राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची. आपल्यासाठी ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबई. तक्रार लेखी, प्रतिज्ञापत्रासह आणि पुराव्यांच्या प्रती जोडून करावी. "वकिलाने फसवले" एवढे लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला काय झाले, किती पैसे दिले, कोणता आदेश झाला हे क्रमाने लिहावे. तथ्य वाटले तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जाते. समिती ताकीद देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते किंवा सनद कायमची काढून घेऊ शकते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते.

एक मात्र समजून घ्या. बार कौन्सिल वकिलाला शिक्षा करू शकते, पण आपला हरलेला खटला जिंकून देऊ शकत नाही. नुकसानभरपाई हवी असेल तर दिवाणी दावा करावा लागतो. वकिलाने कोर्टातून मिळालेली आपली रक्कम स्वतः ठेवून घेतली किंवा खोटी सही केली असेल, तर तो फौजदारी गुन्हा आहे आणि पोलिसांत तक्रार देता येते. आणि केवळ खटला हरला म्हणून वकिलाने गैरवर्तन केले असे होत नाही. प्रत्येक खटल्यात एक बाजू हरतेच.

ज्यांच्याकडे एकच एकर जमीन आहे, ज्यांच्या घरातला कमावता माणूस अपघातात गेला आहे, त्यांना कोर्टात दुसरी संधी क्वचितच मिळते. म्हणून आजच घरी जा, आपल्या खटल्याचा सीएनआर क्रमांक शोधा आणि पुढची तारीख कोणती आहे ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. क्रमांक सापडला नाही तर उद्या सकाळी वकीलसाहेबांना पहिला प्रश्न तोच विचारा.